सही केलेला हात
घानाच्या उत्तर सीमेवरच्या नाक्यावर अडकलेल्या ट्रकमधून टोमॅटोचं पाणी गळत होतं आणि विक्रेत्या बायकांनी निवडलेली बाजाराची राणी पोकुआ आडव्या दांड्यापुढे येरझाऱ्या घालत विचारत होती, "सगळ्या देशांनी करार करून भाजीपाल्याला वाट मोकळी केलीय ना?" "केलीय, आई. पण राजधानीतून हुकूम कुठं आलाय?" शिपाई म्हणाला. तेवढ्यात तोच करार करून परतणाऱ्या मंत्र्याची गाडी आली. शिपाई दांडा उचलायला धावला. पोकुआने ट्रकमधून राणीपदाचं आसन काढून रस्त्यात मांडलं, बैठक मारली. आसनावरच्या राणीला उठवायची कुणाची छाती? मंत्री उतरला. "आई, समिती नेमतो." "समिती बसेल, लेका, टोमॅटो सडतील. उचल दांडा!" मंत्र्याने चिडून दांड्याला डावा हात घातला. "डावा हात थोरांपुढे करतोस? सही केलीस तो घाल!" ड्रायव्हर खिदळले. मंत्र्याने उजव्या हाताने दांडा उचलला. "धर तसाच!" पोकुआ उठली. आधी टोमॅटो गेले, मग मंत्री.