तोंडावरचा हात

हे लिहिणारच नव्हतो. दातांवर काय लिहायचं?

आमच्या सोसायटीच्या गेटवर माझ्यासोबत जे मामा ड्युटी करतात, त्यांना वरचे पुढचे दात नाहीत. तरुणपणीच एकेक किडत गेला. वाचवण्यापेक्षा उपटणं स्वस्त होतं, एवढंच सांगतात. हसायची वेळ आली की त्यांचा हात आधी तोंडावर जातो, हसू मागून येतं.

मुलगी लांब दिलीय. पाच वर्षांत मामा एकदाही तिच्याकडे गेलेले नाहीत. सुट्टी मिळत नाही म्हणतात. सुट्टी मिळते, मला माहितीय. पण व्याह्यांसमोर बसून जेवायचं, बोलायचं म्हणजे तोंड उघडावं लागणार. व्हिडिओ कॉल आला तरी मोबाइल असा धरतात की समोर फक्त कपाळ दिसावं. नातीला आजोबा म्हणजे एक टक्कल आणि दोन भुवया.

परवा दुपारी नातीचाच व्हिडिओ कॉल. तीन वर्षांची आहे. बापाचे बूट घालून जिन्यात कशी आपटली ते सांगत होती. अगदी ‘धप्प’ म्हणायची वेळ आली आणि पोरगी हसली, तळहात तोंडावर दाबून. मागे तिची आई हसत होती. तिचाही हात तोंडावर.

मामा हसायचे थांबले.

“तिचे दात दुखतात का गं?”

“नाही बाबा. का?”

“मग तोंड कशाला झाकते?”

मुलीनं स्वतःचा हात खाली घेतला.

“आपल्या घरात सगळे असेच हसतात ना,” ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर मामा नुसते बसून राहिले. बाहेर एक गाडी हॉर्न वाजवत होती, शेवटी मीच उठून गेट उघडलं. परत आलो तर म्हणाले, रविवारी जातो पोरीकडे. मी म्हटलं, जा की.

“तू स्टँडवर चल माझ्याबरोबर.”

“सामान जास्त आहे का?”

“सामान कसलं. गाडी सुटायच्या आत मी उतरायला बघेन. पाणी आणतो म्हणेन, पाकीट राहिलं म्हणेन. ऐकू नकोस.”

मी शब्द दिलाय. गाडीच्या दारातच उभा राहीन, सुटेपर्यंत.