राखणीची बंदूक

"आत गोळी नाही ना?" काउंटरवरच्या डिंपलनं विचारलं.

रत्नपालनं मान हलवली. कामठ्याजवळचं विमानतळ ते केवढंसं, त्यात दुपारची वेळ. रांगेत मोजकीच माणसं होती आणि ती सगळी त्याच्या लांब काळ्या पेटीकडे बघत होती. पहिल्यांदाच विमानात बसणारा माणूस सोबत बंदूक घेऊन आला म्हटल्यावर लोक बघणारच. हैद्राबादच्या एका सराफाच्या दारावर उभं राहायचं काम त्याला लागलं होतं. अट एकच, बंदूक स्वतःची हवी.

नियम त्याला तोंडपाठ झाले होते. बंदूक रिकामी, कडक पेटीत, कुलूप लावलेली. काडतुसं वेगळ्या डब्यात. दोन्ही खाली सामानात जाणार, माणसाजवळ काही राहणार नाही. परवाना यंदाच त्याच्या नावावर झाला होता, त्यामुळे त्याला जरा जास्तच धास्ती होती. काल संध्याकाळी त्यानं घर झाडून काडतुसं गोळा केली, शेतातल्या मचाणावरच्या पिशवीतलीसुद्धा. एकही मागं राहायला नको, उगाच लफडं नको.

बंदूक मात्र बाबांनी बांधून दिली होती. देवरीच्या पलीकडे, जंगलाला लागून त्यांचं धानाचं शेत होतं आणि बंदूक राखणीची. बाबांनी, म्हणजे देवीदासांनी, ती चालवली फारच कमी. ती मचाणावर असली की रानडुकरं बांध ओलांडत नसत, एवढंच. मागच्या निवडणुकीत सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या, तेव्हा ही पण गेली. त्याच रात्री डुकरं आली आणि बाबांची मांडी फाडून गेली. तेव्हापासून बाबा काठी धरून चालतात.

म्हणून खरी बंदूक नेण्याआधी रत्नपालनं त्यांना एक खोटी करून दिली होती. सागवानाचा दस्ता, नळाचा पाइप, वरून काळा रंग. शेजाऱ्यांनाही फरक कळला नाही. बाबांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली आणि डुकराइले कळते, एवढंच बोलले. रत्नपाल तेव्हा हसला होता. आज सकाळी त्यांनी आपल्या शेल्यात गुंडाळून बंदूक स्वतःच पेटीत ठेवली. इतकी वर्षं उशाशी असलेली वस्तू चालली आहे, म्हाताऱ्याला एवढं तरी करू द्यावं, म्हणून तो मध्ये पडला नाही. पेटीला फक्त कुलूप लावलं.

बंदोबस्तावरच्या जवानानं पेटी उघडायला सांगितली. रत्नपालनं कुलूप काढलं, शेल्याची गाठ सोडली.

आतून सागवानाचा दस्ता निघाला.

डिंपलला आधी हसूच आलं. मग तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि हसू आवरलं. रत्नपालच्या डोक्यात सणक गेली. नोकरी गेली, तिकीट गेलं, चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहिली नाही, आणि हे सगळं सख्ख्या बापानं केलं. असली किधर है, असं जवान दुसऱ्यांदा विचारत होता. उत्तर द्यावं म्हणून रत्नपालनं मान वर केली, तर समोर काडतुसांचा डबा दिसला. डिंपलनं तो तपासायला उघडून ठेवला होता. लाल काडतुसं, सगळी, एकाला एक लागून.

त्याचा राग जागच्या जागी थंड झाला. जवानाला हातानं थांबवून त्यानं फोन लावला. घंटी खूप वेळ वाजली.

"बाबा, बंदूक कोठी हाये?"

"माह्यापाशी, मचाणावर." बाबा अगदी हळू बोलत होते. "रागावू नको. तुले दुसरं काम भेटन. मले दुसरा पाय नाही भेटत."

"तिच्यात काही नाही, बाबा. काडतुसं समदे मी घेऊन आलो. तुमी आत्ता घरी जा."

रत्नपालनं विचारलं, आजूबाजूला कोण आहे. बाबांनी सांगितलं, आज देवरीचा बाजार, शिवारात कोणी नाही. डुकरं आली का, हे विचारायला त्याची जीभ उचलत नव्हती. भर उन्हात ती कधी येत नाहीत. तरी त्यानं विचारलं.

"आले," बाबा म्हणाले. "तू गेला, तवाच आले."

"धान खाऊन राहिले का?"

"नाही. धानाले कोनंच तोंड नाही लावलं. मचाणाखाली बसून हायेत. वर पाहून राहिले."

रत्नपालनं डबा छातीशी ओढला. इथून गाव गाठायचं म्हणजे अंधार होणार होता, हे त्याला कळत होतं. तो फोनमध्ये सांगत राहिला, उतरू नका, मी येऊन राहिलो, उतरू नका. डिंपल आणि जवान दोघंही त्याच्याकडे बघत उभी होती. बाबांचं त्याच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. मग त्यांनी विचारलं, आवाज आणखीच बारीक करून, खालच्यांना ऐकू जाऊ नये तसा.

"रत्नपाल, बंदूक रिकामी हाये, हे तर मले बी आत्ता समजलं. त्याइले कोनं सांगतलं रे?"