गुलाबी फ्रॉकची बाहुली

“बाहुलीचा फ्रॉक?”

“गुलाबी.”

“आणि ती हरवली तेव्हा?”

“मी जेवले नाही.”

“अगं, पंक्चरचा दर सांगतेयस का? जरा रडवेली हो. बोर्ड पाघळलं पाहिजे!”

सरकारी इस्पितळाच्या बाकावर मावशी गॅरेजातल्या मेकॅनिकचा शेवटचा सराव घेत होती. दोघी मुलगा म्हणून वाढलेल्या. अशा पोरींना ऑपरेशन हवं असेल, तर आतल्या तीन डॉक्टरांच्या बोर्डाला आधी पटवावं लागे की आपण बाईच आहोत. मावशीनं त्यांना कधीच पटवलं होतं. तेव्हापासून ती नव्या पोरींना फुकट तयार करायची, आणि तिचा त्यात हात धरणारं कुणी नव्हतं. मेकॅनिकला मात्र बोर्डानं दोनदा परत पाठवलं होतं. नखांत ग्रीस, आणि काही विचारलं की मूग गिळून गप्प. बाईपण दिसत नाही म्हणाले. आजची संधी शेवटची होती. आज नकार आला तर पुन्हा अर्ज करता येणार नव्हता.

समोर समाजशास्त्राची संशोधक रेकॉर्डर घेऊन बसली होती. बोर्डापुढे जाणाऱ्यांच्या ती मुलाखती घ्यायची.

“मावशी, सगळ्यांच्या लहानपणी हीच बाहुली कशी हो?”

“बोर्डाला आवडते म्हणून. आपलं काय जातंय?”

तेवढ्यात शिपायानं हाक मारली. मावशीच्या उंच टाचांच्या चपला घालून मेकॅनिक कशीबशी तोल सावरत आत गेली.

“लहानपणी कशाशी खेळायचात?” अध्यक्षांनी जांभई दाबत विचारलं. “बाहुली असेलच.”

फ्रॉक, रंग, रडणं, सगळं मेकॅनिकच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं.

“होती. ताईची,” ती म्हणाली. “आडवी केली की डोळे मिटायची. कशी मिटते ते बघायला मी तिचं डोकं उघडलं. मग ताईनं मला बदडलं.”

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. आता संपलंच, म्हणून मग ती खरं तेच बोलली. “मला बाहुली नकोच होती, सर. मला ताईसारखं व्हायचं होतं. गाडीखाली आडवी असते तेव्हासुद्धा मी बाईच असते.”

अध्यक्षांची जांभई पळाली. शेजारच्या सर्जनबाई खो खो हसत सुटल्या.

“कशानं उघडलंत?”

“चमच्याच्या दांड्यानं.”

“मी कात्रीनं! आईनं मला उपाशी ठेवलं होतं.” मग त्या अध्यक्षांकडे वळल्या. “सर, मंजुरी द्या. नाहीतर उद्या मलाही बोर्डापुढे उभं कराल.”

अध्यक्षांनी लगेच सही केली.

चपला हातात घेऊन मेकॅनिक धावतच बाहेर आली आणि मावशीच्या गळ्यात पडली. दोघी हसल्या, रडल्या. आत काय झालं ते मेकॅनिकनं एका दमात सांगून टाकलं.

“बोर्डानं खरं उत्तर ऐकलं!” संशोधकाला आनंद आवरेना. “आता कुणाला पाठांतर लागणार नाही.”

रेकॉर्डर चालू करून ती मावशीकडे वळली. पण मावशीनं डोळे पुसले होते आणि पुढच्या पोरीला समोर बसवलंही होतं.

“बाहुली तीच ठेव,” ती सांगत होती. “फक्त आता तिचं डोकं उघडायचं. चमच्यानं.”