भुजंगच्या कुंडाची माती

गौरम्मा खोऱ्यानं माती ओढून टोपली भरत होती. मान वर करून गल्लीकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती.

नव्या लातूर जिल्ह्याची जीप नुकतीच निलंग्याकडे परतली होती. जीपमधून आलेला शेतीखात्याचा माणूस तिच्या गोठ्यामागे उकिरड्यापाशी थांबला होता आणि त्याचे डोळे पाण्यानं भरले होते. थंडीत हवा खाली बसते, तो म्हणाला, अन् उघड्या शेणमुताची वाफ गल्लीतच कोंडून राहते. पोरांचे डोळे चुरचुरतात, खोकला जात नाही, ते त्यानंच. रोजच्या शेणावर चार बोटं माती पसरत जा, त्यानं सांगितलं. गौरम्माची सासू तेच करायची. घरात युरियाची पोती येऊ लागली, शेणखताची गरज उरली नाही, तसं गौरम्मानं ते सोडून दिलं होतं.

शेजारीपाजारी ऐकत उभे होते. महिन्यापूर्वी चावडीवर याच सगळ्यांसमोर ती बोलली होती: शेजारचा भुजंग पहाटेची हवा नासवतो, त्याची कातडी कमावायची कुंडं गावात नकोत. गावानं कुंडं बुजवली. भुजंग बायकापोरं घेऊन ओढ्यापलीकडे गेला. हवा मात्र तशीच झोंबत राहिली.

आणि आता, जवळची भुसभुशीत माती म्हणून, ती त्याच बुजवलेल्या कुंडातून खणत होती.

"ती न्हाई चालायची, गौराक्का."

भुजंग मागं राहिलेला आपला कातडं घासायचा दगड न्यायला आला होता. नेहमीसारखा चार हात लांब उभा होता.

"कातड्याचा चुना हाय तिच्यात. शेणमुतात मिसळला की अजून झोंबतंय. तळ्यातला गाळ न्या. औंदा तळं कोरडंच हाय."

तिचं खोरं थांबलं. "म्हंजे तुला ठावं होतं?"

"व्हय. घाण कशाची ते आमच्या नाकाला कळतंय, आक्का."

"मग चावडीवर बोलला का न्हाईस?"

"इचारलं न्हाई कुणी."

त्यानं दगड उचलून खांद्यावर घेतला. गौरम्मानं भरलेली टोपली बाजूला ओतली आणि ती पुन्हा खणू लागली, आधीपेक्षा खोल.

"सांगितलं न्हवं का, आक्का? ती माती उकिरड्याला चालत न्हाई."

"उकिरड्यासाठी न्हाई खणत," ती म्हणाली. मान अजून खालीच होती. "तू तो दगड हितंच खाली ठेव."