बोटभर मासा

तो बोटभर जांभळा मासा प्रवाळाच्या अगदी तळच्या कपारीत सापडतो, म्हणून या खेपेला पाणबुड्या तोंडात हवेची नळी धरून नेहमीच्या दुप्पट खोल उतरला. होडीत दोर धरून बायको बसली होती. त्यानं दोर हलवताच, गारठला असेल बिचारा म्हणून, तिनं त्याला एका दमात वर खेचून घेतलं.

मग माशाची टोपली. पाच हात ओढायचे, पाव तास थांबायचं. घाई केली तर मासा आतून फुटतो, असं शोभेचे जिवंत मासे घेणाऱ्या व्यापाऱ्यानं दहादा बजावलं होतं.

"पायाला मुंग्या आल्यात गं," नवरा म्हणाला.

"जरा पडून राहा. एवढा मासा येऊ दे."

सकाळची दुपार झाली, तिच्या तळहातांना फोड आले, पण मासा टुणटुणीत वर आला.

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याच्या तळपायाला सुई टोचली. तो छताकडेच बघत राहिला.

"इतक्या खोलातून एकदम वर आणलं की रक्तात बुडबुडे होतात, बाई. थांबत थांबत आणायचं असतं. कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

तिनं फोड आलेले हात मिटून घेतले.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "माशाबद्दल."