साठ की चाळीस

"नीट बघा ना बाई, माझे दंड बरोबर असतील," ड्रायव्हर खिडकीत वाकून म्हणाला.

रांगेतले लोक हसले. मागचा एक जण म्हणाला, याला नको असतील तर याचे पैसे मला द्या. सकाळपासून खिडकीवर नुसती भांडणं चालली होती. पुलावरचा कॅमेरा बसवल्या दिवसापासून प्रत्येक गाडीचा वेग वीसने जास्त दाखवत होता, हे सरकारने अखेर कबूल केलं होतं. सगळ्यांचे दंड परत मिळणार होते.

ड्रायव्हरचे अकरा होते. तो रुग्णवाहिका चालवायचा. पूल चार किलोमीटरचा, आणि त्यावर रुग्णवाहिकेलाही साठचीच मर्यादा. त्याच्या गाडीतला वेगाचा काटा साठवर असायचा, दंडाच्या कागदावर ऐंशी यायचे. मॅनेजर पगारातून कापून घ्यायचा. सोबतचे त्याला 'विमान' म्हणायचे. गाडी जुनी, काटाच खोटा असेल. सरकारचं यंत्र कशाला चुकेल, असं म्हणून तो पुलावर चाळीसने जायला लागला. दंड थांबले. मग सोबतचे 'गोगलगाय' म्हणायला लागले.

बाईंनी चष्मा सारखा करून कागद पुन्हा पाहिले. गाडीच्या तपासणीचा दाखला सोबतच होता. काटा अगदी बरोबर होता. दाखला चुकून दुसऱ्या गाडीचा लागला असेल, असंही त्याने म्हणून पाहिलं. बाई वैतागल्या नाहीत. दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होतं.

शेवटी त्याने कॅमेऱ्यातली एका तारखेची नोंद बघायला सांगितली. तारीख त्याला पाठ होती. त्या दुपारी मागे एक आई बसली होती, मांडीवर तीन वर्षांची मुलगी, धाप लागलेली. पूल सुरू झाला तशी आई म्हणाली होती, दादा, जरा जोरात घ्या ना. तो म्हणाला होता, ताई, इथे याहून जोरात चालत नाही. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी मुलीला हातावर घेतलं आणि थोडं आधी आणायला हवं होतं म्हणाले. संध्याकाळी आई एकटीच घरी गेली. कॅमेरा खरा असेल, तर गाडी साठनेच धावली होती. मग त्याच्या हातून काहीच राहिलं नव्हतं.

"साठ दाखवतंय," बाई म्हणाल्या.

त्याचे खांदे सैल झाले.

"म्हणजे खरे चाळीस. त्या दिवशी दंड झालेला नाही, तेव्हा त्या दिवसाचं तुमचं काही येणं निघत नाही."

तो खिडकीची कड धरून उभा राहिला. मागच्याने दोनदा खाकरून पाहिलं. बाईंनी पेन पुढे केलं, त्याने अकरा ठिकाणी सह्या केल्या.

"माझं नाही हो," तो म्हणाला. "मागे एक आई बसली होती. तिची दोन मिनिटं निघतात. ती कुठल्या खिडकीवर परत मिळतात?"