बाहेरचं बाकडं

भांडुपच्या एका दवाखान्यात एचआयव्ही तपासणीची छोटी खोली आहे. तिथल्या कल्पिताला समुपदेशनाचं प्रशिक्षण मिळालं होतं. ते अंगी मुरलं की वाया गेलं, हे पाहायला नेत्रामॅडम आल्या होत्या. त्यांच्या शेऱ्यावरच कल्पिताची नोकरी टिकणार की जाणार ते ठरायचं होतं, बरं का.

तेवढ्यात एक तरुण दाराशी आला. आत दोघी जणी बसलेल्या पाहून तिथेच घुटमळला.

कल्पिता म्हणाली, "मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"अगं, मी तुझंच काम बघायला आलेय ना?"

"हो. पण तुमच्यासमोर तो तोंड उघडणार नाही."

नेत्रा बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसली. मनातल्या मनात तिने कल्पिताला नापास करूनही टाकलं. इतक्यात तिच्या नाहूरच्या सोसायटीतले काका जिना उतरताना दिसले. नेत्राने चटकन ओढणी तोंडावर ओढली आणि मान खाली घातली. असं का केलं, तिचं तिलाच कळेना.

बाकड्यावरच्या म्हाताऱ्या बाईने सरकून तिला भिंतीकडची जागा दिली.

"पयल्यांदाच आलीस?"

"नाही हो आजी, मी तपासणीला नाही आले. इथलं काम कसं चालतं ते बघायला आलेय."

"मी पण पयल्या दिवशी असंच कायतरी सांगितलेलं," म्हातारी मायेने म्हणाली. "बस निवांत. आतली पोरगी इकडचं तिकडे करत नाय."